पक्षिणी

जूनच्या सुरुवातीला, मृग लागायला चारेक दिवस असताना, पहाटे पाचला गावाहून फोन आला. बापूकाका गेले. बापूकाका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. नव्वदीला टेकले होते, झोपेतच गेले. मी त्यांना उभ्या आयुष्यात तीनदा पाहिलं असेल. लग्नात, मुलीच्या बारशाला आणि एकदा एस.टी. स्टँडवर, तेव्हा तर त्यांनी मला ओळखलंही नाही. सासूबाईंनी फोन ठेवला, देवघराचं दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "दहा दिवस."

त्याच वर्षी फेब्रुवारीत माझा मामा गेला होता. वडील वारले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत, आज या गावी तर उद्या त्या, म्हणून मला मिरजेला मामाकडे ठेवलं ते मॅट्रिक होईपर्यंत. त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेले. तो गेला तेव्हा गुरुजींनी पंचांग बघून सांगितलं, "भाचीला पक्षिणी." म्हणजे दीड दिवस. सोमवारी सकाळी तो गेला आणि बुधवारी मी बँकेत काउंटरवर पासबुकं छापत होते.

पक्षिणी हा शब्द मला तेव्हाच पहिल्यांदा नीट कळला. आजचा दिवस, उद्याचा दिवस आणि मधली रात्र. रात्र ही पक्षीण आणि दोन बाजूंचे दोन दिवस हे तिचे पंख. शब्द इतका देखणा आहे की त्याच्यावर रागावताही येत नाही.

तर आम्ही गावी पोचलो. राजापूरच्या अलीकडे, डांबरी सोडून आत, भाऊबंदांची पाच घरं. सुतकात माणसाला काही काम नसतं. देव बंद, देऊळ बंद. लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही, त्यामुळे फोडणीसाठी काढून ठेवलेले आंबेसुद्धा सासूबाईंनी शेजारी देऊन टाकले. भेटायला येणारे येतात, "कसं झालं?" विचारतात, आणि तीच हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगितली जाते. मी मागच्या पडवीत बसून परसू बघत राहिले. दुर्बीण डोंबिवलीला राहिली होती.

परसात सातभाईंचा थवा होता. ज्यांनी हा पक्षी पाहिला नाही त्यांनी निदान ऐकला तरी असेल: घरात वाटणीवरून भांडण लागावं तशी कचकच. मातकट रंग, पांढुरके डोळे आणि कपाळावर कायम आठी असल्यासारखा चेहरा. चालत नाहीत, उड्या मारतात आणि पाचोळा उलटापालटा करत किडे शोधतात. सात असतातच असं नाही, हे नऊ होते. एकजण रातांब्याच्या शेंड्यावर पहाऱ्याला. रात्री एका फांदीवर अंगाला अंग लावून ओळीने. आणि तिसऱ्या दिवशी दिसलं ते असं की त्यांच्यात एक पिल्लू आहे, घरट्यातून नुकतंच बाहेर पडलेलं, आणि त्याला भरवणारे दोघे नाहीत. चार तरी होतेच. एकाने अळी आणली, तो उडेपर्यंत दुसरा नाकतोडा घेऊन हजर.

ए. जे. गॅस्टन यांनी १९७० च्या दशकात दिल्लीत या जंगली सातभाईंचे थवे अभ्यासले, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं. जोडी विणीची एक, पण पिल्लं साऱ्या थव्याची. बाकीचे काका, आत्या, थोरली भावंडं. स्वतःची वीण सोडून दुसऱ्याच्या पोरांना भरवायचं. का?

हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. ज्याची पिल्लं जास्त जगतात त्याचे गुण पुढे जातात, असं निसर्गनिवडीचं गणित. मग जो स्वतः पिल्लं काढतच नाही, त्याचा हा परोपकारी गुण पुढे जातो कसा? १८५९ साली खुद्द डार्विनला वांझ कामकरी मुंग्यांनी असंच अडवलं होतं. त्याने कुळाचा, गोताचा फायदा असं काहीसं उत्तर दिलं, पण आनुवंशिकतेचा हिशोब तेव्हा कोणालाच माहीत नव्हता.

हिशोबाची पहिली थट्टा केली जे. बी. एस. हॉल्डेन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने. सांगतात ते असं की कुठल्याशा पबमध्ये बसून त्याने कागदावर आकडेमोड केली आणि जाहीर केलं, मी दोन भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी जीव देईन. सख्ख्या भावात आपली निम्मी जनुकं, चुलतभावात आठवा हिस्सा. म्हणजे व्यवहार बरोबरीत सुटला. हा हॉल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून कोलकात्याला आला, झब्बा घालू लागला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. मला मात्र त्याचं १९५५ मधलं दुसरंच वाक्य आवडतं. बुडणाऱ्या माणसाला वाचवण्याचं असलंच गणित मांडून झाल्यावर तो प्रामाणिकपणे लिहितो की मी स्वतः दोनदा माणसं पाण्यातून ओढून काढली आहेत आणि दोन्ही वेळा हा हिशोब करायला सवड झाली नव्हती.

थट्टेचं सूत्र केलं डब्ल्यू. डी. हॅमिल्टनने, १९६४ मध्ये. तेव्हा तो विद्यार्थी होता, लंडनमध्ये एकटा, इतका एकटा की संध्याकाळी वॉटर्लू स्टेशनच्या बाकावर जाऊन काम करायचा, निदान आजूबाजूला माणसं असतात म्हणून. नात्यावरचं सगळ्यात प्रसिद्ध समीकरण ज्याने लिहिलं तो असा फलाटावरच्या परक्यांत बसून लिहीत होता. सूत्र एका ओळीचं आहे: दुसऱ्याला होणारा फायदा गुणिले नात्याचा अंश, हा जर आपल्याला पडणाऱ्या खर्चापेक्षा जास्त असेल तर परोपकाराचा गुण टिकतो. सातभाई मनात गुणाकार करतो असं कोणी म्हणत नाही. मार्शल सालिन्स या मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये आक्षेप घेतला होता की ज्यांच्या भाषेत अपूर्णांकच नाहीत ते लोक आठवा हिस्सा मोजणार कसा? त्यावर जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्सचं उत्तर होतं की गोगलगायीला कुठे गणित येतं, पण शंख तर सूत्रबद्धच वळतो. उत्तर बिनतोड आहे. पण सालिन्सचं दुसरं म्हणणं मला पडवीत बसल्या बसल्या पटायला लागलं: माणसांचा कुठलाही समाज नाती अशी मोजत नाही.

हॉल्डेन मुळात 'कझिन' म्हणाला होता. मराठीत आणायला गेलं की पंचाईत. चुलत, आते, मामे की मावस? हॅमिल्टनच्या वहीत चौघेही एक अष्टमांश, एका रांगेत उभे. आमच्या पंचांगात चुलतभावाला दहा दिवस आणि उरलेल्या तिघांना पक्षिणी. लग्न झालेली मुलगी बापाच्या रक्ताची निम्मी, तिला बापाचे तीन दिवस. आणि मी, जिच्या रक्ताचा बापूकाकांशी थेंबाचा संबंध नाही, मला पूर्ण दहा. एखाद्याशी देणंघेणं नसलं की आपण म्हणतो, त्याचं मला सोयरसुतक नाही. म्हणजे नातं मोजायचं माप आपल्याकडे होतं, आणि ते जनुकांचं नव्हतं. जमीन कोणाच्या नावावर, चूल कोणाची, पिंड कोण देणार, याचं होतं.

चौथ्या दिवशी बापूकाकांकडे पिठलं-भाताची तीन पातेली आली आणि कोणाचं आधी उघडायचं यावरून शेजारणींमध्ये बारीक तणाव झाला. मला हसू आवरेना, कारण मला इस्रायलच्या वाळवंटातले सातभाई आठवले. तिथे हत्झेवाजवळ अमोत्झ झहावी हा जीवशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून या पक्ष्यांच्या अरबी भाऊबंदांच्या मागे होता. त्याचं म्हणणं असं की हे पक्षी मदत करायला धडपडतात ती मानपानासाठी. पहारा द्यायला भांडतात, खालच्याला भरवून आपला वरचढपणा दाखवतात आणि खालच्याने वरच्याला घास द्यायचा आगाऊपणा केला तर मार खातो. कोकणात राहिलेल्या माणसाला हे सिद्धांत म्हणून शिकवायची गरज नाही. पुढे इतरांनी त्याच पक्ष्यांना थोडं जास्तीचं खायला घालून बघितलं. पोट भरलेला पक्षी पहाऱ्याला जास्त वेळ बसला. मीरकॅट या मुंगसाच्या आफ्रिकी भाईबंदांतही १९९९ मध्ये तेच निघालं: पोट भरलं की उंच जागी बसणं हेच ज्याच्या त्याच्या जिवाला सोयीचं. ना त्याग, ना मानपान.

या शास्त्राची हीच गंमत आणि हाच धोका आहे. कुठल्याही वागण्याला एक छान गोष्ट जोडता येते, आणि ती इतकी पटते की तपासायचं राहून जातं. माणसांच्या बाबतीत तर फारच. व्हॉट्सॲपवर रोज कोणीतरी पुरुष असे का आणि बायका तशा का याचं उत्तर गुहेतल्या माणसावरून देत असतो. पक्ष्यांना निदान खाऊ घालून बघता येतं.

मामाच्या बाबतीत मी हे सगळं करून बघितलं आहे. मामा-भाची म्हणजे पाव हिस्सा. त्याला स्वतःची दोन मुलं, म्हणजे निम्मा-निम्मा. बहिणीचं मूल उघड्यावर पडलं असतं, तेव्हा फायदा मोठा. खर्च एक जादा ताट, फी नाही, पुस्तकं थोरल्याची. सूत्र सुटतं. अगदी व्यवस्थित सुटतं, आणि ते सुटल्याचा मला आनंद होत नाही. पण त्याहून मोठी अडचण मामीची. मामीचं आणि माझं नातं जनुकांत शून्य, आणि शून्याने कितीही गुणलं तरी शून्यच. पाचला उठायची मामी. माझे केस विंचरायची मामी. उवा काढायची, गोवर झाला तेव्हा उशाशी बसायची मामी. मामाने माझ्यासाठी सायकल चालवली, बाकीचं सगळं त्या शून्याने केलं.

यालाही उत्तरं आहेत. १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सने मांडलं की नातं नसलं तरी परतफेडीच्या आशेवर मदत टिकते. कोस्टा रिकातली रक्तपिपासू वटवाघळं उपाशी राहिलेल्या सोबतिणीला आपल्या पोटातलं रक्त काढून भरवतात, हे जेराल्ड विल्किन्सनने १९८४ मध्ये दाखवलं. टांझानियातल्या हाडझा लोकांत आई नव्या तान्ह्यात अडकली की थोरल्यांची वाढ आजी किती कंद खणून आणते त्यावर ठरते, हेही मोजलेलं आहे. माउंट अबूच्या वानरांमध्ये नवा नर आधीच्याची पिल्लं मारतो हे ज्या सारा हर्डीने १९७० च्या दशकात मांडलं, तिनेच पुढे आग्रहाने सांगितलं की माणसाचं मूल एकट्या आईने वाढण्यासारखं नाहीच, ते पहिल्यापासून अनेक हातांत वाढत आलं आहे. ते मला सगळ्यात जवळचं वाटतं. तरी मामी त्यात पूर्ण बसत नाही. तिला परत काय मिळालं? वर्षाला एक साडी आणि दिवाळीचा फोन.

हॅमिल्टनचा एक मित्र होता, जॉर्ज प्राइस. त्याने हेच गणित १९७० मध्ये आणखी सुरेख, आणखी व्यापक करून मांडलं. आणि मग त्याला ते सोसेना. त्याने आपलं घर लंडनच्या बेघरांसाठी उघडलं, पैसे वाटले, कपडे वाटले, शेवटी स्वतःच बेघर झाला आणि जानेवारी १९७५ मध्ये त्याने आत्महत्या केली. अंत्यविधीला जे मोजके लोक होते त्यांत हॅमिल्टन होता. याच्यावर काही बोलावंसं मला वाटत नाही.

पडवीच्या वाशाला गांधीलमाश्यांचं पोळं होतं, उपड्या कमळाएवढं. घरचे लोक त्याला हात लावत नाहीत आणि त्या कोणाला चावत नाहीत असा जुना करार. याच गोतातल्या एका माशीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अख्खी हयात घालवली. हॅमिल्टनचं गणित या माश्या-मुंग्यांत फार चपखल बसेल अशी अपेक्षा होती, कारण त्यांच्यात सख्ख्या बहिणी एकमेकींच्या निम्म्याहून जास्त, पाऊण हिश्श्याच्या असतात. पण या माशीत राण्या बदलतात, एकेका राणीला अनेक नर, आणि त्यामुळे पोळ्यातलं नातं पातळ होत जातं. तरीही माश्या राबतात. एकटीने वेगळं पोळं बांधायची मुभा असून राबतात.

गदगकरांनी १९९० मध्ये दिलेलं एक उत्तर मी कित्येक वर्षांपूर्वी वाचून विसरले होते, ते त्या पडवीत पुन्हा आठवलं. एकटीने पोळं मांडलं आणि पिल्लं मोठी व्हायच्या आत ती मेली, तर सगळं वाया. आणि या माशीचं आयुष्य असं की ती मध्येच मरायची शक्यता बरीच. पण ती जर दुसऱ्यांच्या पोळ्यात पंधरा दिवस राबून मेली, तर तिने अर्धवट भरवलेली अळी मरत नाही. दुसरी कोणी ती पुढे भरवते. अर्धवट कामही फुकट जात नाही, म्हणून गोतावळा.

यात नात्याचा अंश जरा मागे सरकतो आणि मरण पुढे येतं. मला वाटलं, माझे वडील चौतिसाव्या वर्षी गेले तेव्हा मी अशीच अर्धवट भरवलेली होते.

सहाव्या दिवशी वळवाची एक सर येऊन गेली आणि ते पिल्लू पडवीच्या अगदी समोर, रायवळ आंब्याच्या खालच्या फांदीवर येऊन बसलं. पंख थरथरवत, चोच आ वासून. मी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघितला आणि बघतच राहिले. शेपटीवर आडवे पट्टे. पोटावर पांढऱ्यावर काळपट थेंब. सातभाईंच्या कुळात असं काही नसतं. ते पावशाचं पिल्लू होतं.

आम्ही आल्यापासून रात्रंदिवस माथ्यावर "पेरते व्हा, पेरते व्हा" चाललं होतं, तोच तो. शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देणारा हा पक्षी स्वतः मात्र दुसऱ्याच्या घरट्यात पेरून जातो. सातभाईंची अंडी निळीशार असतात, याचीही तशीच. त्याचं पिल्लू बहुतेकदा घरवाल्यांची अंडी ढकलून देतं. आणि कवींनी डोक्यावर घेतलेला चातक, थेंबासाठी चोच वर करून बसणारा सात्त्विक, तोही सातभाईंच्याच घरात अंडी घालतो. तेवढं एक की त्याचं पिल्लू घरच्या पिल्लांना सहसा ढकलून देत नाही, त्यांच्या पंगतीत वाढतं.

तीन दिवस मी ज्याच्याकडे कुटुंबवत्सलतेचा नमुना म्हणून बघत होते तो असा होता. नऊजण शून्य नात्याच्या एका पोराला पोसत होते, आणि तितक्याच मायेने. सूत्राला यानेही धक्का बसत नाही म्हणा. सातभाईला रक्त दिसत नाही, त्याला फक्त एवढं कळतं की आपल्या घरट्यात चोच उघडली आहे. बहुतेक वेळा ते आपलंच असतं, म्हणून सवय टिकते. कधी कधी नसतं.

मिरजेत मला एका बाईंनी मामीदेखत "कोकिळेचं पोर" म्हटलं होतं. मी आठ वर्षांची असेन. मामी तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "असू दे की. आमच्या घरात गायला कोणी नव्हतंच." मला गाणं आलं नाही. शिवाय पुढे कळलं की कुहू करतो तो नर.

दहाव्या दिवशी पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, विधी झाला. बायकांनी खाली जायची पद्धत आमच्याकडे नाही, आम्ही वरच्या बांधावर थांबलो. पिंड मांडले आणि कावळा येईना. दोन बसले होते समोरच्या उक्षीवर, पण शिवेनात. मग नेहमीचं सुरू झालं. बापूकाकांची इच्छा कशात अडकली असेल? थोरल्याने सांगितलं, घर विकणार नाही. काही नाही. पुतण्याने सांगितलं, बांधाचा वाद मिटवू. कावळा मान वाकडी करून बघतोय. बापूकाकांचा धाकटा मुलगा जन्मापासून ऐकू-बोलू शकत नाही, पन्नाशीचा आहे, बापाच्याच खोलीत झोपायचा. तो बाजूला उभा होता. कोणीच काही बोलेना तेव्हा माझा नवरा पुढे झाला, हात जोडून मोठ्याने म्हणाला, "काका, त्याचं आम्ही बघू. आम्ही सगळे." आणि लोक दोन पावलं मागे सरले, आणि कावळा उतरला.

लोक मागे सरले म्हणून उतरला, असंही असेल. माझ्या शेजारी सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि कुजबुजल्या, "अडकला होता हो जीव." मी गांधीलमाश्यांचं काही बोलले नाही.

घरी येऊन अंघोळी झाल्या. देवापुढे दिवा लागला. सासूबाई म्हणाल्या, "सुटलं एकदाचं." मी परसात जाऊन उभी राहिले. सातभाई जरा पलीकडे, काजूत होते, आवाज येत होता.

त्या दहांपैकी दीड दिवस मी बापूकाकांना दिला होता. ते मला ओळखतही नव्हते, त्यांची हरकत नसावी. उरलेले साडेआठ मी पहिल्या दिवसापासून मामाच्या नावावर धरत होते. कोणाला सांगितलं नव्हतं. लोणच्याला हात लावला नाही तो त्याच्यासाठी. अंथरुणाऐवजी चटईवर झोपले ती त्याच्यासाठी.

संध्याकाळी मिरजेला फोन लावला. मामीने उचलला. तिलाही हिशोब सांगितला नाही.

"पाऊस लागला का गं तिकडे?" तिने विचारलं.